पैसे तिच्या नावावर, मोबाइल भावाचा

जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींच्या शिक्षणावर एक बैठक होती. सरकारी साहेब, दोन-तीन प्राचार्य आणि आमच्यासारख्या संस्था-संघटनांच्या बायका. साहेबांनी शिष्यवृत्तीचा आढावा वाचून दाखवला. अर्ज किती आले, मंजूर किती झाले, किती रक्कम थेट विद्यार्थिनींच्या खात्यात गेली. शेवटचं वाक्य त्यांनी जरा आवाज चढवून वाचलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अर्ज भरून घेण्याचं निम्मं काम आमच्याच कार्यकर्त्यांनी केलेलं, त्यामुळे त्या टाळ्यांत थोडं आपलं आपणच कौतुक होतं.

चहाच्या वेळी मागच्या रांगेतली एक मुलगी माझ्याजवळ आली. तिला मीच घेऊन आले होते, मुलींच्या वतीनं दोन शब्द बोल म्हणून. ती बोलली नव्हतीच. मला म्हणाली, "ताई, त्या यादीत माझंबी नाव असंल ना? पैसे दिले म्हणले साहेब. मग दिले कुणाला?"

तिची गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. मातंग वस्तीतलं घर. आईबाप ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाचा हिशेब तसाच चालतो. बाईची मजुरी वेगळी लिहिली जात नाही आणि उचलही नवऱ्याच्याच हातात पडते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला घराला कुलूप लागतं ते उन्हाळ्यात उघडतं. अशा घरातून ही मुलगी बारावी पास झाली आणि जिल्ह्याच्या गावी नर्सिंगला लागली. तिघी जणी एका खोलीत राहायच्या. पहिल्या वर्षी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा केंद्राचा हिस्सा तिच्या खात्यात आला. २०२१-२२ पासून केंद्राचे ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि राज्याचे ४० टक्के निराळे येतात. त्यात कॉलेजची फीही असते आणि निर्वाह भत्ताही. फीचा भाग मुलीनं कॉलेजात नेऊन भरायचा.

नेमका त्याच आठवड्यात कारखान्याच्या अड्ड्यावरून बापाचा फोन आला. आई आजारी, तोड बंद, उचल फिटायची बाकी, मुकादम सोडायला तयार नाही. पोरीनं मला विचारलं, काय करू? आणि मी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, स्त्री-पुरुष समतेची शिबिरं घेणारी कार्यकर्ती, तिला म्हणाले, "दे बाई, घरचंच आहे. पुढचा हप्ता आला की फी भरू."

पुढचा हप्ता आला, पण तिच्या पासबुकात दिसेना. बँकेत चकरा, कॉलेजात चकरा, समाजकल्याणच्या कार्यालयात चकरा. सगळीकडे एकच उत्तर, पोर्टलवर 'जमा' दाखवतंय. शेवटी उलगडा झाला तो असा. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी गावोगाव खाती उघडायची घाई चालली होती. हिच्या आईला खातं काढायला नेलं तेव्हा सोबत हिचाही अंगठा घेतला आणि हिचंही एक नवं खातं निघालं. ही एकवीस वर्षांची नव्हती, त्या योजनेत बसतही नव्हती. तिला वाटलं, असू दे. आधार क्रमांकाला जोडून येणारा सरकारी पैसा कुठलं खातं शोधतो? जे खातं सगळ्यात शेवटी आधारशी जोडलं गेलं ते. अर्जात कुठला खाते क्रमांक लिहिला याला काही अर्थ राहत नाही. तर तो पैसा या नव्या खात्यात गेला. त्या खात्याला मोबाइल नंबर होता थोरल्या भावाचा. मेसेज त्याला, ओटीपी त्याला, ॲपचा पिनही त्याच्याकडे. पैसे आले त्याच्या तिसऱ्या दिवशी गेले. मोटरसायकलचे थकलेले हप्ते भरले म्हणाला. चोरी केली असं त्याच्या मनातही आलं नाही. "तिचं-माझं काय वेगळं हाय का?" असं तो मला विचारत होता, आणि खरं सांगते, प्रामाणिकपणे विचारत होता.

कॉलेजनं फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेतला नाही. तारीख टळली. वर्ष गेलं. वर्ष गेलं की शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं. पोरगी घरी बसली की स्थळं यायला लागतात. साहेबांच्या आढाव्यात मात्र ती 'लाभार्थी'.

आता कुणी म्हणेल, हा एका घरातला प्रश्न आहे, समजुतीनं सोडवा. मला असं वाटत नाही, आणि तेच सांगायला हे लिहिते आहे. शिष्यवृत्ती मंजूर होणं, खात्यात पडणं, मुलीच्या हाती येणं आणि मुलीच्या हाती राहणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सरकार पहिल्या दोन मोजतं. आम्ही चळवळीतल्या बायकाही बरीच वर्षं तेवढंच मोजत आलो.

मुळात ही रक्कम आहे तरी केवढी, ते पाहू. आपल्या राज्यात १९९२ पासून अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता आहे. रोजचा एक रुपया. वर्षाला फार तर २२० रुपये. रुपयाचं काय काय झालं, हा भत्ता एकचा दीड झाला नाही. पाचवी ते सातवीच्या मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती महिना ६० रुपये, तीही दहाच महिने. आठवी ते दहावी महिना १००. सावित्रीबाईंचं नाव द्यायला पैसे पडत नाहीत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे दर केंद्रानं २०२१ मध्ये नव्यानं ठरवले, त्यात अकरावी-बारावीला घरून ये-जा करणाऱ्या मुलीला वर्षाला २,५०० रुपये. भागून बघा, दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. वसतिगृहात राहणारीला ४,०००. वरच्या गटातल्या व्यावसायिक पदवीला, वसतिगृहात राहून, १३,५००. यातली एकही रक्कम उपकार म्हणावा एवढी मोठी नाही. पण हातात स्वतःचं काहीच नसलेल्या मुलीला सात रुपयेसुद्धा मोठे असतात. त्यातून पॅड येतात, एसटी चुकली तर वडापचं भाडं निघतं, झेरॉक्स निघते. घरी हात पसरावा लागत नाही. हात पसरावा लागला की विचारणा होते, विचारणा झाली की 'एवढं कशाला शिकायचं' हे वाक्य येतं.

ही शिष्यवृत्ती आली कुठून हेही आपण विसरतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षं. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवलं, त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारनं पैसा द्यावा ही ठाम मागणी होती. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. आता यातली एक बाजू पाहा. न्यूयॉर्कमध्ये तो पैसा बाबासाहेबांच्या हातात येत होता आणि पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पुस्तकं घेतली. इकडे रमाईंनी कसे दिवस काढले तेही आपल्याला माहीत आहे. तरी कुणी असं म्हणत नाही की सगळे पौंड घरी पाठवायला हवे होते. बरोबरच आहे. शिकण्यासाठी दिलेला पैसा शिकणाऱ्याचा. हा साधा न्याय आपण मुलाला लावतो. मुलीला लावायची वेळ आली की घरची अडचण, आईचं आजारपण, भावाचा हप्ता, सगळं आठवतं. मलाही आठवलं होतं.

बैठकांत नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो, आपल्यातल्या काही जाणत्या मैत्रिणीही तो करतात. म्हणे, पैसे थेट खात्यात येतात, मध्ये दलाल नाही, म्हणजे ते बाईच्या हातात आले. पूर्वी कॉलेजात खोट्या याद्या व्हायच्या, मुलांच्या नावावर संस्थाचालक पैसे उचलायचे, हे खरं आहे. तो मार्ग बंद करायलाच हवा होता. पण दलाल गेला म्हणजे मधली सगळी माणसं गेली असं नाही. बाप, भाऊ, नवरा, बँकमित्र, बचत गटाच्या नावाखाली कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस, किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापणारी बँक, हे सगळे खातं आणि मुलगी यांच्या मध्ये उभे आहेत. कागदावर खातं तिचं आहे. पासबुक कपाटात, कपाटाची किल्ली सासूकडे. एटीएम कार्ड भावाच्या पाकिटात. आणि सगळ्यात मोठी किल्ली म्हणजे मोबाइल नंबर. वाड्या-वस्त्यांवर घरात एक फोन असतो आणि तो कुणाच्या खिशात असतो हे मी सांगायला नको.

गेल्या वर्षीपासून आम्ही वस्तीवर बसून मुलींची पासबुकं बघायला लागलो. आणा पासबुक म्हटलं की निम्म्या मुली एकमेकींकडे बघतात. कुणाकडे नसतंच. कुणाचं तीन वर्षांत भरूनच घेतलेलं नाही. एकीनं आणलं ते दुसऱ्याच बँकेचं. एकीच्या खात्यात शिष्यवृत्ती आली त्याच दिवशी आईच्या गटकर्जाचा हप्ता कापला गेला होता. ही हमीदार कधी झाली तिला माहीत नव्हतं, सही मात्र तिचीच होती. एक आजी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आमच्या वक्ताला ह्यो घोर नव्हता, आमाला कुणी देतच नव्हतं." सगळ्या हसलो.

सरकारची तर खोडच अशी आहे की बाईला पैसा द्यायचा तोही कुणाची तरी कोण म्हणून. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत कित्येक वर्षं उत्पन्नाचा नियम असा होता की आईबाप हयात असतील तर त्यांचं उत्पन्न धरायचं, आणि मुलगी विवाहित व बेरोजगार असेल तर नवऱ्याचं. मुलाचं लग्न झालं तर त्याच्या बायकोच्या उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला होता का? या एका नियमानं परित्यक्तांचं काय होतं ते बघा. आमच्याकडे एक जण आली, सोळाव्या वर्षी लग्न झालेलं, एकोणिसाव्या वर्षी नवऱ्यानं टाकलेली, कडेवर पोर. हट्टानं तिनं बारावी केली आणि कॉलेजला नाव घातलं. उत्पन्नाच्या दाखल्याला गेली. तलाठी म्हणाला, नवऱ्याचं आण. नवरा आणायचा कुठून? त्यानं दुसरी केलेली. फारकत कागदावर नाही, कोर्टात जायला पैसा नाही. बापाचा दाखला जोडला तर कार्यालयात विचारतात, लग्न झालेलं असताना बापाचा कसा? जिला सरकारी मदतीची सगळ्यात जास्त गरज तिचाच फॉर्म परत येतो. तिच्या अर्जात आम्ही पोटगीच्या दाव्याची प्रत, सरपंचाचं पत्र, तिचं प्रतिज्ञापत्र असं जुडगं जोडलं आणि तीन महिने पाठपुरावा केला तेव्हा तो पुढे सरकला. प्रत्येकीच्या मागं तीन महिने फिरणारी संघटना कुठून आणायची?

जातीच्या दाखल्याचंही तेच. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात आणि तो बापाकडच्या नात्यातला मागतात. आईनं एकटीनं वाढवलेल्या मुलीनं, जो बाप तिला ओळखही देत नाही, त्याच्या आज्याचा शाळेचा दाखला शोधत फिरायचं. हा छळ वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे सोडते.

'पालक' या शब्दाशी आपण पूर्वीही लढलो आहोत. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेच्या बाँडसाठी अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेनं बापाची सही आणा म्हणून सांगितलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयानं आईलाही नैसर्गिक पालक म्हणून उभं राहता येतं असा कायद्याचा अर्थ लावला. पुढे २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना कळवलं की दहा वर्षांवरच्या मुलामुलींना बचत खातं स्वतंत्रपणे चालवू देता येईल. आणि जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात हेही सांगितलं की शिष्यवृत्तीसाठी किंवा सरकारी अनुदानासाठी काढलेली शून्य शिल्लक खाती दोन वर्षं व्यवहार नाही एवढ्यावरून बंद धरू नका. कागद आपल्या बाजूचे आहेत. पण आमच्या तालुक्याच्या बँकेत अठरा वर्षं पुरी झालेल्या मुलीला आजही काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो "सोबत कोण आलंय?"

कॉलेजांबद्दलही बोललं पाहिजे. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नका, अशी परिपत्रकं शासनानं पुन्हा पुन्हा काढली आहेत. एकच परिपत्रक पुन्हा पुन्हा काढावं लागतं यातच काय ते आलं. प्रवेशाला फी नाही मागितली तर परीक्षेला मागतात, परीक्षेला नाही तर गुणपत्रक अडवतात. जुलै २०२४ मध्ये शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल वगैरे घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी निम्मंच माफ होतं. निर्णय चांगला आहे, आम्ही त्याचं स्वागत केलं. पण गावोगाव फलक लागले ते 'मुलींना शिक्षण मोफत' असे. खोलीचं भाडं, डबा, गणवेश, प्रॅक्टिकलच्या वह्या, आणि कॉलेज 'इतर शुल्क' या नावाखाली जे काही मागेल ते, हे काही मोफत झालेलं नाही. मात्र त्या फलकामुळे घरचे मुलीला म्हणतात, आता तर सरकार सगळं देतंय, तुला आणि कशाला पैसे लागतात?

मग काही जणी म्हणतात, पैसाच देऊ नका, वस्तू द्या. एसटीचा पास बघा, गावाकडच्या शाळकरी मुलींना मोफत मिळतो. तो भावाला वापरता येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. त्या पासानं जेवढ्या मुली शाळेत ठेवल्या तेवढ्या आमच्या भाषणांनी ठेवल्या नसतील. सायकलीचा अनुभव मात्र दोन्हीकडचा आहे. मुलीच्या नावानं मिळालेल्या सायकलीला दुधाचे कॅन लटकलेले मी पाहिले आहेत. आणि वस्तू काढून घेऊन पैसा दिला की काय होतं ते आदिवासी वसतिगृहांत दिसलं. २०१८ मध्ये शासनानं शहरांतल्या शासकीय आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. त्या जुलैमध्ये आदिवासी मुलंमुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, त्यांना वाटेत अडवलं गेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. महिन्याचे पैसे वेळेवर येत नाहीत, आणि भूक काही थांबत नाही. मुलींचं आणखी एक होतं. रात्री बाहेरची मेस शोधत हिंडायचं कुणी? शिवाय जेवणाचे पैसे खात्यात आले की घरून निरोप येतो, थोडे पाठव. मुलगी एक वेळ जेवते आणि पाठवते. तिला कुणी जबरदस्ती केलेली नसते. तिला तसंच वाढवलेलं असतं.

म्हणजे वस्तू की पैसा असा हा वाद नाहीच. जेवण, निवारा, प्रवास हे सरकारनं उभं करून द्यायचं, त्यातून अंग काढून घ्यायचं नाही. आणि त्यावर हातखर्चाचा जो पैसा द्यायचा तो मुलीच्याच हातात पडेल अशी तजवीज करायची. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, जेवण, खोली आणि निर्वाह धरून. रक्कम बरी आहे. पण घरमालक भाडं महिन्याच्या महिन्याला मागतो. स्वाधारचे पैसे वर्ष संपताना आले तर तोवर मुलीनं कुणाच्या आधारानं राहायचं? उशीर ही किरकोळ गोष्ट समजू नका. हैदराबादच्या रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती, हे जानेवारी २०१६ मध्ये साऱ्या देशानं वाचलं. मुलींच्या बाबतीत उशिराचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होतो की ती घरी परत जाते. त्याची बातमी होत नाही.

पैसा नाही असं सरकारनं सांगू नये. जुलै २०२४ पासून एकवीस वर्षांपुढच्या बायकांना महिना १,५०० रुपये सुरू झाले. बाईच्या हातात पैसा येतो याला माझा विरोध नाही, कुणाचाच नसावा. आमच्या वस्तीवरच्या कितीतरी जणींनी त्यातून औषधं आणली, पोरांना चपला घेतल्या. पण हिशेब मांडा. त्याच घरातल्या, तिथून खाली बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला शिकण्यासाठी वर्षाला २,५०० आणि तिच्या आईला वर्षाला १८,०००. मत देण्याचं वय झालं नाही हाच तिचा दोष असावा. त्याहून वाईट म्हणजे मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले गेले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. शिष्यवृत्ती, वसतिगृहं ज्या खात्यातून चालतात त्याच खात्यातून काढून बहिणीला ओवाळणी. दलित-आदिवासी मुलीच्या ताटातलं काढून तिच्याच आईच्या ताटात वाढायचं आणि दोघींनी मिळून आभार मानायचे!

आमच्यावरही एक टीका होते, ती इथे मांडते, कारण ती आपल्यातूनच येते. 'तुम्ही मुलींना घराविरुद्ध उभं करता. गरिबाच्या घरात सगळ्यांचं सगळं एकच असतं, तुमचं-आमचं हे मध्यमवर्गीय खूळ आहे.' मी या टीकेवर बराच विचार केला. गरिबाच्या घरात सगळ्यांचं एक असतं हे अर्धंच खरं आहे. कर्ज सगळ्यांचं असतं. मोटरसायकल एकाची असते. उचल दोघांच्या घामातून फिटते, पण घेताना सही एकाची. त्या बापाला मी दोष देत नाही. मुकादमानं अडवलेल्या माणसानं काय करावं? पण मुकादमाची उचल फेडण्याची जबाबदारी समाजकल्याण खात्यानं एका अठरा वर्षांच्या मुलीच्या फीवर टाकावी, हे कुठलं गरिबांचं राजकारण? ऊसतोड मजुराला किमान वेतन, बाईला तिची वेगळी मजुरी, ही लढाई त्या मैदानावर लढू. मुलीची फी ही त्या लढाईचा खर्च नव्हे.

आता आपण काय मागायचं? अर्जातल्या खात्याला आधारवर जोडलेलं खातं जुळत नसेल तर पैसे सोडण्याआधी विद्यार्थिनीला कॉलेजमार्फत लेखी कळवलं पाहिजे. आता ती सगळ्यात शेवटी कळते. फीची रक्कम सरकारनं सरळ कॉलेजला द्यावी, त्यावर मुलीची सही घ्यावी, आणि निर्वाह भत्ता फक्त तिच्या खात्यात यावा. या दोन्ही एकत्र केल्या म्हणूनच भत्ता फीत बुडतो आणि फी घरखर्चात. भत्ता महिन्याच्या महिन्याला यावा. परित्यक्ता, विधवा, एकटी राहणारी यांच्या बाबतीत तिचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र हाच उत्पन्नाचा पुरावा मानावा. नवऱ्याचा दाखला हा शब्दच फॉर्ममधून जावा. दर महागाईला जोडावेत. ऊसतोडीच्या हंगामात गावात आईबाप नसतात, तेव्हा त्यांच्या सहीवाचून मुलीचा अर्ज अडू नये. यातलं बरंच नुसत्या परिपत्रकानं होण्यासारखं आहे.

आणि आपण आपल्या कामातही बदल करायला हवा. मी माझ्या संस्थेच्या अहवालातून 'अर्ज भरून दिले' हा रकाना काढायला लावला. त्याऐवजी वर्षातून दोनदा मुलीला विचारायचं, पैसे आले का, कुणी काढले, कशाला खर्च झाले. कार्यकारिणीत एकानं विचारलं, असा आकडा छोटा दिसेल, देणगीदारांना काय दाखवायचं? छोटा दाखवायचा, म्हटलं.

परवा त्या मुलीला घेऊन बँकेत गेले. नवं खातं आधारपासून तोडून जुनं जोडायचं होतं आणि भावाचा नंबर काढायचा होता. बाबूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, पालक कुठे आहेत? "कारखान्यावर," ती म्हणाली, "आणि मी वीस वर्षांची आहे." फॉर्म दिला. तिनं सगळा स्वतः भरला, 'मोबाइल क्रमांक' या रकान्यापर्यंत आली आणि पेन थांबला. तिच्याकडे फोनच नाही. माझा नंबर टाकू का, असं तिनं माझ्याकडे बघून विचारलं. तोंडावर हो आलं होतं. मग म्हटलं, नको. भावाच्या जागी ताई, एवढाच फरक झाला असता.

फॉर्म तसाच घरी आणला आहे. बचत गटाच्या निधीतून तिला जुना फोन आणि सिमकार्ड घेऊन द्यायचं ठरलं, ते कर्ज म्हणून, ती पहिल्या भत्त्यातून फेडणार. ते झालं की पुन्हा बँकेत जाऊ. कॉलेजनं पुढच्या सत्राचा प्रवेश धरून ठेवावा म्हणून अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. आपापल्या तालुक्यातल्या मुलींची पासबुकं उघडून पाहा आणि त्यात जे दिसेल ते लिहून पाठवा. आईबाप तोडीहून परत येतील तेव्हा आम्ही समाजकल्याणच्या दारात बसणार आहोत, ते कागद तेव्हा हातात हवेत.